तात्यांचा अंगठा

तात्या काय करतात, असं कोणी विचारलं की ते म्हणत, "भोकं बुजवतो." समोरचा हसे. तात्यांना त्याची सवय होती. नवी इमारत उभी राहिली की प्लंबर भिंतीला भोक पाडून पाइप घालतो, इलेक्ट्रिशियन दुसरं भोक पाडून वायरी घालतो, आणि दोघेही मागे वळून बघत नाहीत. मग तात्या येत. उरलेल्या फटीत दगडी लोकर ठासून भरायची आणि वरून तांबडा लेप द्यायचा. आग लागली की तो फुगून फट घट्ट बंद करतो. "धूर हा चोर आहे, त्याला बोटभर फट पुरते. आणि माणूस आगीआधी धुरानं मरतो," हे ते केस कापणाऱ्या न्हाव्यालासुद्धा ऐकवत.

लेप ओला असतानाच ते प्रत्येक भोकावर उजवा अंगठा दाबत. त्या अंगठ्यावरच्या जुन्या जखमेचा तिरका वण लेपात स्पष्ट उमटे. बायको चिडवायची, "चांगले शिकलेले, आणि निघाले अंगठेबहाद्दर!" तपासणीवाले साहेब मात्र हसत नसत. त्यांनी एकदा तात्यांची चाळीस भोकं छिन्नीनं उकरली. चाळीसच्या चाळीस चोख निघाली. तेव्हापासून ते म्हणत, "हा अंगठा दिसला की मी छिन्नी लावत नाही." तात्यांना आयुष्यात एवढंच एक मानपत्र मिळालं, आणि ते त्यावर वीस वर्षं खूश होते.

हाताखाली मेव्हणा होता, बायकोचा धाकटा भाऊ. आईबाप लवकर गेले म्हणून तात्यांच्याच घरी वाढला. तात्यांनी त्याला आधी सायकल शिकवली, मग लोकर भरायला शिकवली. बोलायला गोड, हाताचा चलाख. पण कामाचा कंटाळा भारी. लोकरीनं अंगाला खाज सुटते आणि एका भोकात अर्धा तास जातो, ही त्याची रोजची रड.

पुढे दहा मजल्यांची एक इमारत मिळाली, तोवर तात्यांचे गुडघे कुरकुरायला लागले होते आणि तिथे लिफ्ट अजून बसायची होती. पहिले चार मजले त्यांनी स्वतः केले. पाचव्यापासून वर मेव्हणा.

"भावोजी, तुम्ही कशाला गुडघे झिजवता?" तो म्हणाला. "मी भरतो, लेपही देतो. तुम्ही रोज संध्याकाळी लेप ओला असताना या आणि फक्त अंगठे उठवा. अंगठा नसला तर साहेब उकरत बसतील, आठवडा फुकट जाईल."

तात्या रोज कठडा धरून वर गेले आणि अंगठे उठवून खाली आले. लेपाखाली काय आहे ते त्यांनी पाहिलं नाही. घरच्या माणसाचं काम कोणी उकरून बघतं का?

त्याच इमारतीत सातव्या मजल्यावर लेकीनं घर घेतलं. तात्याच म्हणाले होते, "डोळे मिटून घे. भिंती आपल्या हातच्या आहेत." सामान हलवायला मामाही आला. त्यानं भाचीचं कपाट खांद्यावरून वर नेलं, बाळाचा पाळणा खिडकीशी लावून दिला, चहा प्यायला आणि गेला.

वर्षभरानं एका सकाळी तळमजल्यावर मीटरच्या खोलीत वायरी पेटल्या. आग पंधरा मिनिटांत विझली. धूर मात्र वायरींच्या उभ्या बोगद्यातून वर चढला. चौथ्या मजल्यापर्यंत कोणाला वासही आला नाही. सातव्यावर लेक बाळाला ओल्या टॉवेलात गुंडाळून खिडकीबाहेर तोंड काढून उभी होती. दोघंही वाचली, पण बाळाला दवाखान्यात ठेवावं लागलं, नाकाला नळी लावून. तात्या पोहोचले तेव्हा लेक रडली नाही. "बाबा, तुम्ही म्हणाला होतात," एवढंच बोलली.

तात्या तडक छिन्नी घेऊन इमारतीत गेले. चौथ्या मजल्यावर लेपामागे लोकर जशीच्या तशी होती. सातव्या मजल्यावर त्यांचा अंगठा होता, तिरक्या वणासकट. छिन्नीच्या एकाच ठोक्यात लेप खपलीसारखा निघाला. आत सिमेंटच्या पोत्यांचे बोळे आणि खिडक्यांच्या काचांबरोबर आलेला थर्माकोल, वितळून काळा झालेला. त्यांनी आणखी पाच भोकं उकरली. पाचांतही तेच. त्यांनी मेव्हण्याला बोलावून घेतलं.

"भावोजी, आग काय रोज लागते?" मेव्हणा खाली मान घालून म्हणाला.

"पाळणा लावलास तेव्हा ठाऊक होतं तुला?"

"सांगितलं असतं तर तुम्ही घराबाहेर काढलं असतं."

ज्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं, त्यानं केसानं गळा कापला होता. आणि तेही आपलीच भाची तिथे राहायला येतेय हे बघत.

"आणखी कुठे कुठे असं भरलंयस?"

मेव्हणा म्हणाला, "मी दोन दिवसांत सगळं नीट करतो. तुम्ही फक्त गप्प राहा. कोणी उकरणार नाही. आणि उकरलंच तर... अंगठा तुमचा आहे, भावोजी."

तात्यांनी आपला अंगठा पाहिला. मग फोन काढला आणि तपासणीवाल्या साहेबांना लावला.

"साहेब, माझा अंगठा दिसेल तिथे छिन्नी लावा."

साहेब हसले. "चेष्टा करता, तात्या? कुठल्या इमारतीत?"

"सगळ्या."

साहेब हळूच म्हणाले, "तात्या, हे मला कागदावर घ्यावं लागेल. नाव कोणाचं लिहू?"

"माझं. मी न बघता अंगठा उठवला."

पाठीमागे मेव्हण्यानं सुटकेचा श्वास सोडला. तात्यांना तो स्वच्छ ऐकू आला.

"आणि त्याखाली दुसरं नाव लिहा, साहेब," ते म्हणाले. "भरणाऱ्याचं."