बापूंची अमेरिका, नानांचा फ्लॅट

आमच्या शहरात पाणी साठत नाही, किस्से मात्र साठतात. ज्याच्या घरचं कुणी अमेरिकेत आहे, त्याच्याकडे तर विचारूच नका. क्रांती चौकापासून जवळ एका बागेत आमचा बाक आहे. दुष्काळात बागेतलं गवत जळालं, बाक तेवढा शाबूत आहे. त्यावर आम्ही तिघं बसतो: मी, करमाडचे जाधव आणि नाना कुलकर्णी. बायको गेल्यापासून नाना एकटे. मुलगा श्रीरंग अमेरिकेत आणि त्याचा एकच धोशा, "बाबा, कायमचे इकडे या." नाना गेले की बाकावर उरणार मी आणि जाधवांचा खोकला, म्हणून मला तर धास्तीच बसली होती.

*

नानांच्या डोक्यातली अमेरिका त्यांच्या थोरल्या भावाची, बापूंची. आम्ही शाळेत होतो तेव्हा बापू तिकडे शिकायला गेले. राहायला गेले त्याच दिवशी शेजारीण घरी केलेला केक घेऊन हजर! दाराला कुलूप नाही, पोरं दिवसभर रस्त्यावर, संध्याकाळी अख्खं घर एका टेबलावर जेवायला.

"म्हंजी आमचं करमाडच की," जाधव म्हणाले. "फक्त केक नव्हता."

*

बापू आणखी एक गोष्ट सांगायचे, पण केकवाली झाल्यावर, आवाज खाली आणून. तिथं राहायला जाण्याआधी, खोली शोधताना, त्याच गल्लीत भाड्याच्या खोलीची पाटी पाहून त्यांनी बेल वाजवली. घरमालकानं त्यांच्या रंगाकडं पाहिलं आणि सांगितलं, "खोली आत्ताच गेली." पाटी पुढे महिनाभर तशीच होती. आता तिकडे असं कुणी तोंडावर म्हणत नाही, कायदा झाला.

मी म्हणालो, "काय मागासलेले लोक होते!"

जाधव माझ्याकडं बघत राहिले. माझा वरचा मजला रिकामा आहे आणि भाडेकरूला मी पहिला प्रश्न आडनावाचा विचारतो, हे त्यांना ठाऊक आहे.

*

शेवटी नाना अमेरिकेला गेले. आवडलं तर तिथंच राहायचं, असं ठरवून.

दुसऱ्याच दिवशी सकाळी फिरायला निघाले. रस्ता झकास, माणूस एकही नाही. एक गाडी थांबली. आतल्या बाईंनी काळजीनं विचारलं, "तुम्ही हरवलात का?" थोड्या वेळानं दुसरी गाडी, तोच प्रश्न. घरी येऊन नाना म्हणाले, "श्रीरंग, इथं पायी चालणारा माणूस म्हणजे एक तर हरवलेला, नाहीतर गाडी बिघडलेला."

जाधवांना हे काही पटलं नाही. "इचारत्यात तरी. आपल्या बायपासवर चालून दाखवा."

*

जेवणाचं टेबल होतं, बापूंच्या टेबलापेक्षा मोठं. त्यावर कुरिअरची खोकी. सून मीटिंगमध्ये, श्रीरंग सोफ्यावर, नात वरच्या खोलीत. एकाच घरात तीन हॉटेलांतून तीन डबे आले. नाना वरणभाताचा कुकर लावून बसले, तर नातीचा वरूनच मेसेज, "आजोबा, शिट्टी बंद करा ना, क्लास चालू आहे."

*

मग तो फवाऱ्याचा प्रकार झाला. बाहेर धो धो पाऊस, आणि शेजारच्या हिरवळीवर फवारे चालूच. नानांची नोकरी पाटबंधारे खात्यात गेलेली, घरी आठ-आठ दिवसांनी नळ. त्यांना बघवेना. छत्री घेऊन गेले, शेजाऱ्याच्या आवारात शिरले, तोटी बंद केली आणि पुण्य केल्याच्या समाधानात परत आले.

दाराच्या कॅमेऱ्यानं सगळं टिपलं. तासाभरात गल्लीच्या ग्रुपवर नानांचा फोटो: 'संशयित इसम, सावध राहा.'

श्रीरंगला माफी मागावी लागली. तो म्हणाला, "बाबा, इथं कुणाच्या दारात न विचारता जायचं नसतं." नाना म्हणाले, "मग माझ्या दारात तरी कोण येणार?" आणि तिकीट काढून परत आले. कायमचे. जाधवांनी त्या दिवशी स्वतःच्या पैशानं भजी आणली, यावरून आनंद किती झाला ते समजा.

*

श्रीरंग गुणी मुलगा. वडिलांची जुन्या घरातली पाण्याची वणवण त्याला बघवेना. त्यानं चितेगावच्या रस्त्याला नव्या टॉवरमध्ये फ्लॅट घेतला. चोवीस तास पाणी, लिफ्ट, सिक्युरिटी.

रविवारी सकाळी मी आणि जाधव पेढे घेऊन गेलो. गेटवरच्या वॉचमननं आमचे फोटो काढले, मोबाईलवर काहीतरी दाबलं आणि म्हणाला, "थांबा. मालकाचं अप्रूव्हल येऊ द्या."

"मालक वर बसलेत," मी म्हणालो.

"मालक अमेरिकेत हायेत. फ्लॅट त्यांच्या नावावर, ॲपबी त्यांच्याच नंबरवर."

तिकडे रात्र. श्रीरंग झोपलेला. आम्ही उन्हात उभे. जाधव म्हणाले, "करमाडात तहसीलदाराला भेटाया बी एवढं लागत नाय."

तेवढ्यात नाना चौथ्या मजल्याच्या गॅलरीत आले. आम्हाला पाहून त्यांचा चेहरा फुलला. वरूनच ओरडले, "अरे सोड त्यांना! माझे पाहुणे आहेत."

वॉचमननं मोबाईलमध्ये बघितलं, मग मान वर करून अगदी अदबीनं म्हणाला, "काका, ॲपमधी तुमचंच नाव गेस्टमधी हाय. गेस्टला गेस्ट आणता येत नाय."