तीर्थाचा हात

माझे मोठे काका शास्त्र सांगतात. कुठलं शास्त्र ते विचारायचं नाही. सोयीप्रमाणे रोज नवं निघतं.

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात आई विहिरीवरच्या शेवाळावरून घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. कणकवलीच्या डॉक्टरांनी हाड बसवून प्लास्टर घातलं आणि नवरात्राआधी ते काढायचं नाही असं बजावलं. मध्ये चतुर्थी आली. मुंबईकर मंडळी येणार, मोदकांचा नैवेद्य होणार आणि मोदक वळायला घरात आई एकटी. काकांनी प्लास्टरकडे बघून नाक मुरडलं आणि माझ्या वडिलांना सांगितलं, "त्या हाताक पाणी लागणा नाय. ह्यां कसलां सोवळां?" आईला विचारायची त्यांना गरज वाटली नाही. वडिलांनी मान डोलावली. भावापुढे ते दुसरं काही करतात असं मी कधी पाहिलेलं नाही. मग काकांनी प्लास्टर कोमट पाण्यात भिजवून स्वतः कोयत्याने चिरलं.

आईने ओठ आवळून नारळ खवले. मोदकांची सगळ्यांनी तारीफ केली. मनगट सुजलं तेव्हा काकांनी तेल चोळायला सांगितलं. तेवढंच त्यांचं वैद्यक. हाड सांधलं, पण वाकडं. तेव्हापासून आईचा उजवा तळहात वर वळतच नाही. डॉक्टर चिडले, तर वडील म्हणाले, "चतुर्थी होती ना." असं म्हणायला त्यांना लाजही वाटली नाही.

यंदा श्रावणात काकांचा घोटा मोडला. लगेच भाड्याची गाडी, गोव्याचं इस्पितळ, एक्स-रेचा फोटो घरच्या ग्रुपवर. चतुर्थीला ते प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून गणपतीशेजारी खुर्चीत बसले. पायाला सोवळं लागत नाही, हे यंदाचं शास्त्र. येईल त्याला सांगत होते, "हाडाक घाई करून चालणा नाय." ऐकून मला किळस आली.

आरतीनंतर तीर्थ तेच देत होते. आईने डावा हात पुढे केला. काकांनी पळी आवरली.

"तीर्थ उजव्या हातात घेतत."

आईने उजवा हात पुढे धरला. तळहात खालीच राहिला.

"घाला," ती म्हणाली.

सगळे बघत होते, त्यांना पळी ओतावीच लागली. पाणी तिच्या वाकड्या मनगटावरून ओघळून त्यांच्या प्लास्टरवर पडलं. काका पाय मागे घ्यायला लागले.

"भिजांदे," आई म्हणाली. "आता पाय सोवळ्यात इलो."