लेखकाचा रकाना

धाराशिवच्या आमच्या वाचनालयात एक कारकून आहेत. संगणकावरची सगळी पुस्तकं ते कॅलिबर नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये लावून ठेवतात. "पायथन नावाच्या संगणकाच्या भाषेत लिव्हलंय. आतला कोड कुणीबी बघा, झाकलेलं काय न्हाय," हे येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतात. पुस्तकाची माहिती भरताना एकही रकाना रिकामा सोडत नाहीत.

आमच्या गावच्या रस्त्याचं डांबर खाणाऱ्या ठेकेदारावर मी पत्रक काढलं. त्याची फाईल संग्रहात ठेवायला त्यांच्याकडे दिली. त्यांनी पत्रक शेवटपर्यंत वाचलं.

"लेखक कोण?"

"संतप्त तरुण, असं टाका."

"हे काय माणसाचं नाव हाय व्हय? भ्यालात का, पुढारी?"

भ्यालोच होतो. ठेकेदार आमच्याच गल्लीत राहतो. त्यानं समोर येऊन उत्तर द्यावं म्हणून ओरडणारं माझं पत्रक निनावी होतं, आणि त्यात मला तोवर काही वावगं वाटलं नव्हतं.

"हा प्रोग्रॅम करणाऱ्यानंबी आपलं नाव टाकलंय," म्हणत त्यांनी कीबोर्ड माझ्याकडं सरकवला आणि चष्मा पुसत बसले.

मी नाव टाइप केलं. मग पिशवीतल्या उरलेल्या पत्रकांवरही तिथंच बसून पेनानं लिहिलं.