बॉबिनच्या डब्यातली ट्यूब

बाभुळगावच्या बसस्टँडसमोर पुष्पाचं फॉल-पिकोचं दुकान आहे. दुकान कसलं, एक मशीन, एक आरसा आणि दोन स्टुलं. बारावीनंतर ती तिथे बसली ती बसलीच. दुसऱ्या स्टुलावर तिची मैत्रीण मिताली.

शाळेत मुली दोघींना 'कोळशाची जोडी' म्हणायच्या. मितालीला त्याचं फार वाईट वाटायचं नाही. जोडी तर होती.

या उन्हाळ्यात जोडी फुटली. महिना-दीड महिन्यात पुष्पा उजळली. आधी कपाळ, मग गाल. साड्या घेऊन येणाऱ्या बायका बघत राहायच्या. नेरचं स्थळही आलं. महिनाभराने एका रविवारी पाहुणे येणार होते. मितालीचा बायोडाटा वर्षभर फिरत होता. फोटोच्या पुढे कुणी गेलं नव्हतं.

"काय लावून राह्यली वं?" मितालीने विचारलं.

"काही नाही. बेसन अन् दही."

मितालीने तीन आठवडे बेसन-दही थापलं. "तळायचं कधी?" म्हणून भाऊ हसला. रंग जागचा हलला नाही.

एक दिवस पुष्पा चहा सांगायला बाहेर गेली. मितालीने मशीनचा खण उघडला. बॉबिनच्या डब्यात, दोऱ्यांखाली, गोरं होण्याच्या क्रीमची अर्धी पिळलेली ट्यूब. तिने ती पर्समध्ये टाकली. चोरी केल्यासारखं वाटलं नाही. आपलंच काही परत घेतल्यासारखं वाटलं.

आठ दिवस तिने ती लावली. चेहरा जरा उजळला, निदान तिला तसं दिसलं. पुष्पा मात्र दुकानातही दुपट्टा सोडेना. उन्हात सगळ्याच पोरी तोंड बांधतात. पण पंख्याखाली कोण बांधतं? रंग जपून राह्यली महाराणी.

शुक्रवारी ती बोललीच. "आमची नजर लागते काय तुले? सोड न तो दुपट्टा."

पुष्पाने सोडला.

गालांवर, हनुवटीवर पुटकुळ्याच पुटकुळ्या. लालभडक, काही पिकलेल्या. मधली कातडी सोलल्यासारखी पातळ.

"लावत होती तवाही यायच्या. पावडरनं झाकत होती," पुष्पा म्हणाली. "ट्यूब हरपली अन् हे असं. मेडिकलवाल्याकडची संपली. परवा पाहुणे येतेत वं. यवतमाळहून आणून दे न एक."

मितालीने पर्स उघडली आणि ट्यूब मशीनवर ठेवली.

पुष्पाने आधी ट्यूबकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "तू?"

"तू खोटं काहून बोलली माह्यासंग?"

"तू गोरी झाली असती, त मंग माह्यात काय राह्यलं असतं?"

एक बाई पिशवी घेऊन दारात आली. दोघींचे चेहरे पाहून परत गेली.

पुष्पाने ट्यूबचं झाकण काढलं. मितालीने तिचं मनगट धरलं. तेवढ्या झटापटीत पुष्पाने तिची हनुवटी उजेडाकडे वळवली.

"तुलेही आली एक."

मितालीने आरशात पाहिलं. तुरीच्या दाण्याएवढी.

शनिवारी दोघी तोंडं बांधून स्कूटीवरून यवतमाळला गेल्या. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचली. यात स्टेरॉइड आहे, म्हणाल्या. लावत राहिलं तरी मुरूम, एकदम सोडलं तरी मुरूम. पुष्पाला सहा-आठ महिने लागतील. हळूहळू बरं होईल, पण आधीचा रंग परत येईल.

"अन् ही?" पुष्पाने विचारलं.

"हिने आठच दिवस लावलं. हिचं पंधरा दिवसांत जाईल."

बाहेरच्या बाकावर बसून पुष्पाने घरी फोन लावला. "बाबा, पाहुण्यायले उद्या येऊ नका म्हणा. दिवाळीनंतर पाहू." फोन ठेवला आणि ती मितालीच्या चेहऱ्याकडे बघत बसली. गाल, कपाळ, मग ती एकुलती एक पुटकुळी.

मितालीने ते बघणं लगेच ओळखलं. महिनाभर ती स्वतः तसंच बघत आली होती. तिने घाईघाईने दुपट्टा तोंडावर ओढून घेतला.