ताटापासून भट्टीकडे

अण्णा म्हणजे या गोष्टीतल्या सुनेचे सासरे. एकतीस वर्षं त्यांनी इस्पितळाच्या धुलाईघरातला बॉयलर सांभाळला. निवृत्त झाले, पण आगीची सवय काही सुटेना. मग लोखंडी पिंपं उभी कापून भट्ट्या केल्या आणि ओळखीपाळखीच्या लोकांना मोठ्या जेवणासाठी मांस भाजून देऊ लागले. किरकोळ अंगाचा, कमी बोलणारा माणूस. आग पेटवण्याआधी तिला हात जोडायचा, एवढंच काय ते वेगळं.

सुनेच्या वडिलांच्या छापखान्याला चाळीस वर्षं झाली आणि दीडशे माणसांचं जेवण ठरलं. हॉटेलवाला जवळजवळ पक्का झाला होता. सुनेनेच अण्णांचं नाव पुढे केलं. तिच्या आत्याने लगेच नाक मुरडलं.

"लोकांच्या चादरी उकडणाऱ्याच्या हातचं जेवायचं होय गं आम्ही?"

"आत्या, आधी जेव, मग बोल."

बोलून तर बसली. आता तिचा शब्द आणि अण्णांचं नाव, दोन्ही एकाच भट्टीवर चढलं.

त्या दिवशी सकाळी छापखान्यामागच्या अंगणात भट्ट्या मांडल्या, तर कोळशाची निम्मी पोती ओली निघाली. अण्णा ती बदलून आणायला स्वतः टेम्पोत बसले. जाताना सुनेच्या हातात चिठ्ठी दिली.

"जेवण एकला. तू दहाला सुरुवात कर. सगळं यात आहे."

चिठ्ठीत तीनच ओळी होत्या. सळया, बारा मिनिटं. कोंबडी, पाऊण तास. मांड्या, अडीच तास.

सून शाळेत शिकवणारी. कागद वरून खाली वाचायचा, हे तिला कुणी सांगायला नको. तिने दहाच्या ठोक्याला मांसाचे तुकडे ओवलेल्या सळया लावल्या, मग कोंबड्या. सगळं छान तांबूस झालं. साडेअकराला ती बकऱ्याच्या बारा मांड्या बर्फातून काढत होती, तेवढ्यात अण्णा आले. वाटेत टेम्पोचं चाक पंक्चर झालं होतं.

"अण्णा, दोन कामं उरकली. आता मांड्याच राहिल्या!"

अण्णांनी भट्टीकडे पाहिलं, मांड्यांकडे पाहिलं.

"अगं पोरी, मी ताटापासून भट्टीकडे लिहितो. शेवटची ओळ आधी लावायची असते."

जेवायला दीड तास आणि मांड्यांना हवे अडीच. पुढच्या दारी आत्याचा आवाजही ऐकू यायला लागला होता.

"आता काय करायचं?"

"रडायचं असेल तर कांदा चिर. कामाला तरी येईल."

अण्णांनी सुरी घेतली. हाडाच्या कडेने एक लांब काप, मग आडवे दोन, आणि हाड मोकळं. मांडी पुस्तकासारखी उघडून सपाट झाली. बाराच्या बारा मांड्या त्यांनी अर्ध्या तासात उघडल्या. हाडं पातेल्यात उकळायला गेली, तिच्या सळयांवरचे वाळून कडक झालेले तुकडे आणि चिरलेला कांदा त्यातच मऊ व्हायला. कोंबड्या झाकून निखाऱ्यांपासून लांब, नुसत्या उबेला ठेवल्या.

मग त्यांनी कोरडा कोळसा फुलवला, निखारे पसरले आणि वर तळहात धरला. मनात काही मोजलं. इथले निखारे ओढले, तिथे सारले, आणि मांड्या मांडल्या. घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाही. चरबी ठिबकली की मान कलती करून ऐकायचे आणि नेमकी तीच मांडी उलटायचे. सून श्वास रोखून बघत राहिली. बारा मांड्या, बारा जागा, प्रत्येकीची आच निराळी, आणि या माणसाच्या डोक्यात बाराही एकाच वेळी शिजत होत्या. देवळात गाभाऱ्यासमोर बोलणं आपोआप थांबतं, तसं तिचं झालं.

पाऊण तासाने अण्णांनी सगळ्या उतरवल्या आणि कापडाखाली ठेवल्या.

"आता यांना दमाने बसू दे. लगेच कापलं तर रस पळतो."

एक वाजता आधी हाडांचा गरम रस्सा गेला, मग कोंबडी, मग मांड्यांचे काप. कडेला कुरकुरीत, आत ओले. टाइप जुळवणारे म्हातारे कामगार बोटं चाटत होते.

आत्याने तोंडात घास घेतला. सून तिच्यासमोर उभी राहिली.

"आत्या, सकाळी मी सगळं उलटं लावलं होतं. मांड्या कच्च्याच राहिल्या असत्या. अण्णांनी दीड तासात सावरलं."

"उलटं? म्हणजे हे आत्ता केलं?"

"आत्ता."

आत्याने ताटाकडे पाहिलं. मग ताट घेऊन उठली, भट्टीपाशी अण्णांसमोर जाऊन उभी राहिली. आजवर ती कुणाकडे वाढून घ्यायला उठलेली सुनेने पाहिली नव्हती.

"भाऊ," आत्या म्हणाली, "त्या कडेचा तुकडा आहे का अजून?"