ढोलाचा पायजमा

"मग तुम्हीच खा," शकीला म्हणाली आणि शेवयांचं ताट तिनं नवऱ्यापुढं सरकवलं. "लाकूडच आहे ना? विष थोडंच आहे?"

निसारनं ताटाकडं पाहिलं नाही. सकाळी अंगणातल्या खाटेवर पांढऱ्याशुभ्र घातलेल्या शेवया दुपारपर्यंत लाकडाच्या भुशानं काताच्या रंगाच्या झाल्या होत्या. रमजान तोंडावर आलेला, आणि ईदच्या शेवया पुन्हा करायच्या म्हणजे मैदा चाळण्यापासून सुरुवात. पण भांडण शेवयांचं नव्हतं, हे त्या दोघांना आणि शेजारी बसलेल्या सासूलाही ठाऊक होतं. निसारला खोकला लागला होता. आता धाकट्या मुलीलाही लागला होता. शकीलानं सायखेड्याला माहेरी जायचं बोचकं बांधून दाराशी ठेवलं होतं. ढोल तरी या घरात राहील नाहीतर मी तरी, असं ती सकाळपासून तऱ्हेतऱ्हेनं सांगत होती.

ढोल मागच्या पडवीत होता. निसार बाजाच्या पेट्या बनवायचा. शिसवीच्या फळ्या घासायला त्यानं लाकडाचा जाडजूड रूळ बसवला होता. त्याला काचकागद गुंडाळलेला. शेजारच्या चिमाजीच्या पिठाच्या गिरणीतून भिंतीच्या भोकातून पट्टा यायचा आणि त्यावर तो गरगर फिरायचा. खालून फळी सरकवली की आरशासारखी होऊन बाहेर पडे. घरात त्याला सगळे ढोल म्हणत, कारण चालू झाला की भांड्यांना हादरे बसत. भुसा मात्र पिठाहून बारीक उडे. तो घालवायला निसारनं तांबटांकडून भट्टी फुंकायचा एक जुना पंखा आणला आणि ढोलाच्या पट्ट्यावर जोडून त्याचं तोंड ढोलाकडं केलं. भुसा खिडकीबाहेर जावा असा बेत होता. तो गेलाही. खिडकीबाहेर अंगण होतं.

"उद्या ढोल खोलून ठेवतो," निसार शेवटी म्हणाला. "बसतो हातानं घासत. पेट्या घेणारा मुंबईचा पेढीवाला थांबला तर थांबला."

तो थांबणार नव्हता. तसाही तो कुरकुरत होताच, कारण ढोलावरच्या फळ्यांवर बोटाबोटाच्या अंतरानं बारीक आडवे वण उठत, मध्येच काळे चट्टेही पडत.

खातूनबी इतका वेळ ताटातल्या शेवया बोटानं उलटसुलट करत बसली होती. निसारची ही आई लग्न होऊन सिन्नरहून इथं कथड्यात आली, ती आल्या दिवसापासून लाकूड घासायलाच बसली. नवरा रहेमान रंधा मारी, ती काचकागद फिरवी. तिच्या बोटांच्या शेंड्यांवर रेघ म्हणून उरली नव्हती. अंगठा उठवला तर नुसता डाग उमटे. रहेमान खोकून खोकून गेला. त्याच्या शेवटच्या दिवसांत थुंकायचं तस्त धुताना तिनं पाहिलं होतं, आतला कफ शिसवीच्या रंगाचा होता. मागून तिनं मोहल्ल्याचे पायजमे नि बुरखे शिवून पोरगा मोठा केला. ओरडणं तिला जमत नसे. राग आला की ती कामाला उठे, आणि शकीलाला सासूची भीती वाटे ती त्या गप्प उठण्याचीच.

तशी ती उठली. पडवीत जाऊन तिनं निसारला ढोल चालू करायला लावला, आणि स्वतः भुशात उभी राहून पाहत राहिली. ढोलाजवळ गेली, खिडकीशी गेली, पंख्याच्या मागून वळली. तेवढ्यात तिची ओढणी खेचली गेली. शकीला धावली. ओढणीचं टोक पंख्याच्या बाजूच्या भोकाला जाऊन चिकटलं होतं. ते सोडवताना खातूनबी हसली. पुष्कळ दिवसांनी हसली.

"अरे, हा तोंडानं फुंकतो आणि पोटानं ओढतो," ती म्हणाली. "तू त्याचं तोंड ढोलाला लावलंस. पोट लाव. उडवू नकोस, ओढ."

निसारनं पंखा सोडवून उलटा फिरवला. मग त्यानं रॉकेलचा डबा कापून ढोलावर घट्ट टोपण बसवलं. ढोल ज्या बाजूला भुसा फेकी, त्या बाजूला टोपणाला पन्हळ जोडून ती पंख्याच्या पोटाशी नेली. पंख्याच्या तोंडाशी आता काहीतरी बांधायला हवं होतं. चिमाजीच्या गिरणीत पीठ उडू नये म्हणून लावलेली कापडी बाही खातूनबी रोज पाहत होती. तिनं तशीच एक लांब पिशवी शिवली, जुन्या गोधडीच्या जाड कापडाची, म्हणजे कणही बाहेर पडू नये.

ढोल चालू झाला, पिशवी फुगली, आणि सगळा भुसा उलटा टोपणाच्या फटीतून निसारच्या तोंडावर आला. शकीलानं जाऊन बोचक्याची गाठ पुन्हा आवळली.

"चूक माझी," खातूनबी म्हणाली. "वाऱ्याला जायला वाट कुठं ठेवली मी?"

ती आत गेली आणि ट्रंकेच्या तळातून रहेमानचा मलमलचा पायजमा घेऊन आली. तो ईदचा होता, झिरझिरीत झालेला. शकीलानं तिचा हात धरला. हे कापड सासू वर्षातून एकदा उन्हात घालून पुन्हा घडी करून ठेवी, ते तिला माहीत होतं.

"त्यांनी काय कमी भुसा खाल्ला?" खातूनबी म्हणाली. "आता पायजमा खाईल."

एक पाय तिनं कापून पंख्याच्या तोंडाला बांधला आणि खालचं टोक गाठ मारून बंद केलं. मलमलीतून वारा निघून जाऊ लागला, भुसा आत राहिला. काचकागदात भुसा साचेना, तसे फळीवरचे काळे चट्टेही गेले. आडवे वण मात्र होतेच. खातूनबीनं फळीवरून बोट फिरवलं, मग ढोल थांबवून कागदाचा सांधा चाचपला. निसारनं तो रुळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ जोडला होता. प्रत्येक फेऱ्याला तो अख्खा सांधा फळीवर एकदम आपटत होता.

तिनं उरलेला पाय त्याच्यापुढं धरला. "हा बघ, उरेब कापलाय. तिरपा. सरळ शिवला असता तर गुडघ्यावर दाटला असता. कागदाची पट्टी तशीच उरेब गुंडाळ, साफा बांधतात तशी."

निसारनं कागदाची लांब पट्टी कापून तिरपी गुंडाळली. निघालेल्या फळीवरून शकीलानंच आधी हात फिरवला, डोळे मिटून. बोटाला एकही वण लागला नाही. मग ओढणीच्या पांढऱ्या काठानं तिनं खिडकीची चौकट पुसली आणि काठ उजेडात धरला. अगदी कोरा नव्हता, पण पांढरा होता. सासू आपल्याकडं बघते आहे हे तिला कळत होतं, तरी तिनं निसारच्या गळ्यातला रुमाल नाकावर ओढून बांधला आणि म्हणाली की हा मात्र रोज असाच राहील. खातूनबीनं होकाराची मान हलवली.

मग शकीला दाराशी गेली, बोचकं उचलून आत माच्यावर ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मैदा आज भिजवू. उद्यापासून खाट पडवीत. ईदच्या शेवया ढोलाशेजारी वाळतील."