पूजेबाहेरची पहार

सत्तरच्या दशकात, एकाहत्तरची लढाई संपून काही वर्षं झाल्यावर, आमची कंपनी जंगल ट्रेनिंगसाठी पाटणच्या वर कोयनेच्या खोऱ्यात आली. कंपनीत बरेच जण सातारा-सांगलीचे. घर इतकं जवळ असून रजा नाही, म्हणून जवान कुरकुरत होते. मी लान्स नायक होतो. माझं गाव कवठे महांकाळकडचं. आमच्याकडं प्यायच्या पाण्याची मारामार, आणि इथं अंगावरचा युनिफॉर्म वाळत नव्हता.

दिनक्रम ठरलेला. पहाटे पीटी, मग जंगलात रस्ता काढणं, दुपारी हत्यारांची सफाई, संध्याकाळी रोल कॉल. रस्ता काढायला प्रत्येक सेक्शनला मॅचेट मिळायचं. स्टोअरच्या कागदात मॅचेट, आमच्या तोंडी कोयता. सरळ पातं, जाड पाठ, लाकडी मूठ. जवानांनी त्याचे हाल केले. तंबूच्या खुंट्या त्यानंच ठोकल्या, खड्डे त्यानंच खणले, लाकडात फसला तर उपटायच्या ऐवजी पिळून काढला. पाती वाकली, धारेला दात पडले.

आमच्या सेक्शनमध्ये फक्त एकाचा कोयता जसाच्या तसा होता. शिपाई सिदा. जतकडचा, मेंढपाळाच्या घरातला. अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलायचा. मला तो शेठ म्हणायचा, कारण कंपनीचा भाजीपाला आणायला साहेब मलाच पाटणच्या बाजारात धाडत. माझ्याइतकी घासाघीस करणारा दुसरा कोणी नव्हता.

एकदा मी त्याचा कोयता उचलून दुधाच्या डब्यावर टोक रोवलं.

"ए शेठ, ठेव ते खाली."

"डबा फोडतोय रं. च्याला दूध पायजे न्हवं?"

"रातीला टोकानं डबा फोडायचा आन सकाळी त्यालाच जाळी तोडाय सांगायची. बायकूला असंच राबवशील काय?"

"माजं लगीन कुठं झालंय?"

"म्हनूनच झालं न्हाई."

सगळे हसले. मला राग आला, पण डबा मी दगडानं फोडला.

कामाच्या बाबतीत सिदा कोयत्याला दयामाया दाखवत नसे. मांडीएवढी फांदी तो तोडायचा, दिवसभर तोडायचा. पण पातं आडवं पिळायचा नाही, दगडावर येऊ द्यायचा नाही, ओलं ठेवायचा नाही. त्याच्या बानं त्याला लहानपणी सांगितलं होतं की ज्याच्या हातात हत्यार मोडतं त्याचं ध्यान दुसरीकडं असतं. कामानं झिजलेलं पातं बा हातात घेऊन बघायचा. मोडलेलं बघायचाही नाही. हे सिदानं मला अनेकदा सांगितलं.

खंडेनवमी आली. त्या दिवशी सकाळी हत्यारं धुऊन, तेल लावून पूजेला मांडायची, आणि मग दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावायचा नाही, ही आमच्याकडची रीत घरातही आणि पलटणीतही. सीओ साहेब आरतीला येणार होते. स्टोअरचे सुभेदार उत्साहात होते. रायफली, एलएमजी, कोयते मांडून झाल्यावरही त्यांना पूजा भरल्यासारखी वाटेना. त्यांनी थ्री टनर ट्रकची टूल बॉक्स उघडायला लावली. पहार, कुऱ्हाड, फावडं, गाडी ओढायची साखळी, सगळं काढून घासलं आणि पुढच्या ओळीत ठेवलं.

ड्रायव्हर पाटणजवळचाच होता. तो म्हणाला, "सुभेदारसाब, मला बाजारात जायाचं हाय. पहार तरी राहू द्या गाडीत."

"जाऊन येईपर्यंत काय होतंय? सणाचा दिवस आहे. ती पण राबते वर्षभर."

मी तिथंच उभा होतो. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. कुणालाच वाटलं नसतं.

ड्रायव्हर आणि मी पाटणला गेलो. झेंडू, नारळ, भाजी घेतली. फुलवालीशी मी भरपूर वाद घातला. परत येताना वळणावरच्या पिकेटवर, म्हणजे पहाऱ्याच्या चौकीवर, सिदा गाडीत चढला. त्याची ड्यूटी संपली होती. पिकेटवर त्याच्या जागी आलेला जवान वायरलेस सेटजवळ बसला होता. सिदाच्या कमरेला कोयता होता. पहाटेपासून पिकेटवर असल्यामुळं त्याचा तेवढा कोयता पूजेला लागला नव्हता.

"तुझं हत्यार राहिलं की," मी म्हणालो.

"जाऊन बसवतो. तुजी फुलं हायेत न्हवं? एक दे आताच."

मी दिलं नाही. मोजून घेतलेली नव्हती, तरी दिलं नाही. सवय.

वळणापासून थोडं पुढं गेल्यावर रस्त्याची कड खचली. पावसानं आतून पोखरली असावी. गाडी तिरकी झाली आणि उतारावरून घसरली. मागं बसलेले सिदा आणि मी बाहेर फेकले गेलो. मी उठलो तेव्हा सगळ्या उतारावर झेंडू पडला होता. गाडी खाली एका झाडाला टेकून थांबली होती. ड्रायव्हरची बाजू दरीकडं. दार चेपलं होतं. तो आत अडकला होता आणि ओरडत होता. पेट्रोलचा वास येत होता. झाडाची एका अंगाची मुळं उघडी पडली होती.

पिकेटवरच्या जवानानं सेटवर कॉल दिला. त्याचा आवाज मला वरून स्पष्ट ऐकू येत होता.

"गाडी खाली गेली आहे. ड्रायव्हर अडकला आहे. पहार आणि दोर पाठवा. ओव्हर."

उत्तर आलं. त्यानं ते ओरडून मला सांगितलं.

"वेट म्हनत्यात."

मी टूल बॉक्सकडं धावलो. ती रिकामी होती, हे मला माहीत असायला हवं होतं. तोवर सिदा दरीच्या बाजूनं दारापाशी पोचला होता. आधी त्यानं दारावर दाबलेली फांदी तोडली. मग ताडपत्रीचे दोर. हे सगळं कोयत्याचं काम. मग त्यानं दाराची फट बघितली, पातं त्या फटीत घातलं आणि मूठ दोन्ही हातांनी धरली.

मी म्हणालो, "सिदा, मोडंल रं."

"मोडू दे."

तो सगळ्या अंगानं रेलला. पातं वाकलं, परत सरळ झालं, परत वाकलं. दार हाताच्या रुंदीएवढं उघडलं. तिसऱ्या खेपेला दार सुटलं आणि त्याच वेळी पातं मोडलं. टोकाकडचा तुकडा माझ्या पायाशी चिखलात पडला. मी तो का उचलला, सांगता येत नाही. उचलून खिशात घातला.

मी ड्रायव्हरच्या बगलेत हात घालून ओढलं. त्याचा पाय पेडलखाली फसला होता. सिदा अर्धा आत वाकला. उरलेल्या थोट्या पात्यानं त्यानं बुटाची नाडी आणि कातडं कापलं.

"ओढ, शेठ."

मी ओढलं. ड्रायव्हर बाहेर आला आणि आम्ही दोघं बाजूला पडलो. झाड उपटलं. गाडी खाली गेली. सिदा आतून बाहेर आला नव्हता.

कॅम्पवरून पार्टी आली तेव्हा करायला काही उरलं नव्हतं. त्यांच्याकडं पहार होती. तिच्यावरचं कुंकू अजून ओलं होतं. नंतर कळलं की सेटवर 'वेट' आलं ते सुभेदारांमुळं. सीओ साहेबांची जीप पोचत होती, आरतीआधी मांडलेली पूजा कशी उचलायची, एवढं ते पलटणीच्या पंडितजींना विचारत होते. पंडितजी म्हणाले, "उचला, देव काही म्हणत नाही." विचारायला वेळ गेला तो गेला.

सिदा दरीत सापडला तेव्हा मूठ त्याच्या हातात होती. त्याचे वडील आजारी होते, त्यांना येता आलं नाही. धाकटा भाऊ आला आणि त्याला घेऊन गेला.

पुढं मोडलेल्या वस्तूची चौकशी निघाली. फौजेत वस्तू मोडली की ती कामात मोडली की गैरवापरानं, हे ठरवावं लागतं. सुभेदारांनी मला स्टोअरमध्ये बोलावलं. टेबलावर मूठ होती. त्यांनी ती उलटीपालटी केली.

"कापायचं हत्यार आहे. यानं ते पहारीसारखं वापरलं. सरळ गैरवापर."

"साहेब, आत माणूस होता."

"मी वस्तू बघतो. टोक कुठाय?"

टोक माझ्या खिशात होतं. "सापडलं तर?" मी विचारलं.

त्यांनी दार लोटून घेतलं. मग आवाज खाली आणला. "टोक आणून दे. दोन्ही तुकडे जमा झाले की मी 'कामात मोडला' असं लिहितो. तुझ्या जबाबात पूजेचा विषय नको. पहार गाडीत नव्हती, एवढंच. का नव्हती ते नको."

बाजारात मी असा सौदा लगेच ओळखतो. समोरच्याला गरज माझ्यापेक्षा जास्त होती. मी म्हणालो, "आधी लिहा. मग टोक."

"आधी टोक."

"आधी लिहा, साहेब. सही करा."

"तू मला शिकवतोस? त्यानं अक्कल वापरली असती, पहारीची वाट बघितली असती, तर कोयताही राहिला असता आणि तोही."

इथं माझं डोकं फिरलं. शांत राहिलो असतो तर सौदा बहुतेक झाला असता. मी टेबलावर हात आपटला आणि बाहेर उभ्या असलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो, "पहार कुठं होती? तुमच्या पूजेत होती. वर्षभर राबते म्हणून तुम्ही तिला सुट्टी दिली होती."

माझी लान्स नायकाची फीत गेली. ती पुन्हा मिळाली नाही. सुभेदारांना काही झालं नाही. सिदाच्या नावापुढं 'गैरवापर' राहिलं. मी पुढं अर्ज केले, साहेबांच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. उत्तर एकच यायचं, बाब निकालात निघाली आहे. आता चीड येते तीही दमून येते.

रजा मिळाल्यावर मी जतला गेलो. सिदाचे वडील वाड्याशी बसले होते. वाडा म्हणजे मेंढरांचा, काटेरी कुंपणाचा. टँकर यायचा होता म्हणून घरची माणसं घागरी घेऊन रस्त्याला गेली होती. मी पाया पडलो.

ते म्हणाले, "तू शेठ न्हवं? सिदा सांगायचा."

"व्हय, आबा."

"पलीकडच्या वाडीचा एकजण रजेवर आलता. म्हनला सिदानं सरकारी हत्यार मोडलं. तसं लिवलंय म्हनला. खरं हाय?"

मी पुष्कळ तयारी करून गेलो होतो. पूजा, पहार, सुभेदार, सगळं. ते सगळं बाजूला ठेवलं. मी खिशातून टोक काढून त्यांच्या हातात दिलं.

"खरं हाय."

त्यांनी ते बघितलं. अंगठा मोडीवरून फिरवला. मेंढरं ओरडत होती.

"आत मानूस व्हता?"

"व्हता."

"जगला?"

"जगला, आबा. पाय अधू झाला, पन हाय."

"मग मोडू दे."

सिदा हेच म्हणाला होता, हे मी त्यांना सांगितलं नाही. पुढं कधीतरी सांगू म्हणून ठेवलं, आणि ते गेले.

फौज सोडल्यावर मी सांगलीत दुकान टाकलं. कोयते, विळे, कुऱ्हाडी विकतो. कुणाचीही ओळख नव्हती, भांडवल नव्हतं, बोलून बोलून उभं केलं. ऊसतोडीच्या दिवसांत लोक मोडलेले कोयते घेऊन येतात आणि आपोआप मोडला म्हणतात. मी मोड बघतो. दगडावर मारलेला कळतो, पिळलेला कळतो. भांडतो, बदलून देत नाही. राबवणं वेगळं आणि छळणं वेगळं, हे मी त्यांना सांगतो. पण आधी एक विचारतो, काय करताना मोडला? एकदा एकानं सांगितलं की बैल दोरात गुरफटून विहिरीवर लोंबकळत होता. मी नवा कोयता दिला आणि त्याला जायला सांगितलं.

जतला आजही खंडेनवमीला सिदाचा भाऊ लोकर कातरायच्या कात्रीशेजारी ते टोक मांडतो. पाटणचा ड्रायव्हर लंगडत येतो, झेंडू आणतो. पहिलं फूल मी वाहतो.

जतला निघण्याआधी माझ्या दुकानातही पूजा असते. सगळी हत्यारं मांडतो, फक्त एक पहार बाहेर, दाराला टेकवून ठेवतो. दरवर्षी कोणी तरी गिऱ्हाईक म्हणतं, "आवं, ही राहिली की."

मी म्हणतो, "राहू दे. ती सिदाची हाय."